बियाला राख

निर्मळ, ता. वसई, जि. ठाणे
३० जानेवारी १९८३

चि. मथुरा हिस,

दिवाकरचे आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. आईला दम लागतो, पण वाडीत जायचं ती सोडत नाही. केळी यंदा बऱ्या आहेत. तुमच्याकडे हरेश्वरराव आणि मुलं बरी असतील.

तुझ्या लग्नानंतरच्या नऊ वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम पत्र, म्हणजे तू दारातच उभी राहून ते उघडशील आणि तुझ्या मनात येईल, कोण गेलं? कोणी गेलेलं नाही. आत जा, बस आणि वाच.

परवा तुझी जाऊ बायजा ऑफिसात आली होती. सकाळपासून व्हरांड्यात बसलेली. बांधावरच्या मजुरांपैकी कोणाची तरी बाई असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. ऑफिस सुटायच्या वेळेला उठली, माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मी धर्माची बायको. वयनीनी सांगितलाय, दिवाकरदादाला भेट, ते वाट कारतील." मी कसली वाट काढणार! शेजारच्या टेबलांवर माना वर झाल्या. मी "बघतो, बघतो" म्हणत तिला फाटकापर्यंत नेलं. चहा विचारलास का, असं तू विचारू नकोस.

तिने तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून जे झालं ते मीच लिहितो.

दिवाळीनंतर वरून हुकूम आला. सगळ्या सरकारी कार्यालयांनी आपापले जुने कागद लावून घ्यायचे, अभिलेख कक्ष उभा करायचा आणि मार्चअखेर तपासणी. आमचं ऑफिस खाडीच्या बांधांचं. इंग्रज असल्यापासूनचे कागद, आणि ते ठेवलेले कुठे, तर मोरीला लागून असलेल्या खोलीत, वाळवीच्या ताब्यात. साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. माझं अक्षर चांगलं आहे ना.

काम मला आवडलं, खोटं कशाला सांगू. कागदांचे चार वर्ग करायचे. अ म्हणजे कायम ठेवायचे, ब तीस वर्षं, क पाच वर्षं आणि ड एक वर्ष, मग नष्ट. नको ते काढून टाकायचं त्याला सरकारी भाषेत निंदणी म्हणतात. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "निंदणी? मग बाया लावा. तुम्हा बाप्यांना गवत कोणतं नि रोप कोणतं ते कळतंय कुठे?" घरात पुष्कळ दिवसांनी कोणी हसलं.

गठ्ठा बांधायच्या फडक्याला आमच्याकडे रुमाल म्हणतात. प्रत्येक वर्गाला वेगळ्या रंगाचा रुमाल, अ वर्गाला लाल. बाकीचे आले, लाल आले नाहीत. स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं धाडली. शेवटी अ वर्गाचे गठ्ठे नुसत्या सुतळीत बांधले आणि त्यांना चिठ्ठ्या लावण्यात आल्या. ड वर्गाचेही सुतळीतच होते, पण त्यांना चिठ्ठी नाही, कारण ते जायचेच होते. दोन्ही ढीग व्हरांड्यात शेजारी शेजारी.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी ड वर्ग जाळायचा ठरला. साहेबांनी समोर उभं राहून जाळायचा असा नियम आहे. साहेब कोणाच्या तरी लग्नाला गेले. मला घरून निरोप आला की आईचा दम वाढलाय, म्हणून मी सायकल काढली. निघताना तुझ्या दिराला, धर्माला, सांगण्यात आलं की चिठ्ठ्या बघून कर. सोमवारी येऊन बघतो तर मागच्या अंगणात राखेचा ढीग आणि ड वर्गाचे गठ्ठे व्हरांड्यात जसेच्या तसे. जळला होता तो अ वर्ग. बांधांचे नकाशे, मोजण्या, मंजुऱ्या, सगळं.

धर्मा रोजंदारीवरचा. एप्रिलात त्याला कायम करायचं घाटत होतं हे तुला माहीत असेल. आता त्याला घरी बसवलंय आणि चौकशी लागली आहे. चौकशीत तो चुकला असं ठरलं तर कायम होणं राहिलं, आहे ते कामही जाईल.

सरकारी काम आहे, नियमाने होईल. साहेबांकडे शब्द टाकून बघतो. बायजाला मात्र सांग, पुन्हा ऑफिसात येऊ नको, लोक विचारतात. आपलं नातं इथे कोणाला माहीत नाही आणि धर्मानेही ते कधी दाखवलं नाही. तो मला साहेबच म्हणतो.

तुला लिहितोय हे आईला माहीत नाही.

दिवाकर


निर्मळ
२० फेब्रुवारी १९८३

चि. सौ. मथुरा हिस,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. उघडं कार्ड आणि त्यावर एकच ओळ, 'चिठ्ठी कोणी लिहिली होती?' पोस्टमनने वाचलं, घरात सगळ्यांनी वाचलं, आईला वाचता येत नाही तरी तिने ते हातात घेऊन बराच वेळ धरलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे पडलेलं.

'चिठ्ठ्या लावण्यात आल्या' असं मी लिहिलं होतं आणि भातातल्या खड्यासारखं ते तुझ्या दाताखाली आलं असणार. सरकारी मराठीची ही एक सोय आहे. काम होतं आणि करणारा कोणी नसतो.

मी लिहिल्या. सगळ्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या. त्यांवर काय लिहिलं होतं ते तू विचारलं नाहीस, म्हणजे धर्माकडून तुला कळलं आहे. 'राख' असं लिहिलं होतं.

रागावू नकोस, आधी ऐक. नियमातला शब्द 'कायम' आहे, हुकमाच्या कागदावर छापलेला आहे. पण त्या दिवशी हात चिठ्ठ्या लिहीत होता आणि डोक्यात आपली वाडी होती. बियाला ठेवलेल्या दुधीला आई चिंधी बांधायची आणि येता-जाता आपल्याला बजावायची, "तो राख, बियाला राख." तू एकदा ती चिंधी सोडून बाहुलीला नेसवलीस आणि बियाचा दुधी पाटीत बसून बाजारात गेला. मार कोणी खाल्ला ते आठवतंय ना? लाल रुमाल नव्हते, तर मी चिंधी बांधावी तशी चिठ्ठी लावली आणि वर आईचा शब्द लिहिला. कायम हा ऑफिसचा शब्द, राख हा घरचा. मला गंमत वाटली. थोडी ऐटही वाटली.

धर्माच्या घरी राख म्हणजे राख. तुमच्याकडे भाताची रोपं करायच्या आधी जमीन भाजतात, राख होते, तिच्यावर पेरतात. तूही आता इतके पावसाळे तेच करते आहेस. त्याला सांगितलं चिठ्ठ्या बघून कर. त्याने चिठ्ठी बघितली आणि जे लिहिलं होतं ते केलं. त्याच्या बाजूने बघितलं तर दुसरा अर्थ निघतच नाही. ज्या गठ्ठ्यावर काही लिहिलेलं नाही तो कोणी कशाला जाळील?

हे तू तिथे बसून ओळखलंस, कारण तुला दोन्ही घरं माहीत आहेत. चौकशीला बसलेल्यांना एकही माहीत नाही.

चौकशीचं सांगतो. वरून अधिकारी यायच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लोटलं. म्हणाले, "हुकमाप्रमाणे तुम्ही 'कायम' असंच लिहिलं असणार." पुढे म्हणाले, "चिठ्ठ्या तर जळून गेल्या. रोजंदारीचा माणूस, चौथी शिकलेला, वाचताना चुकला. माझं पेन्शन तोंडावर आलंय, तुमच्या बढतीचा कागद वर गेलाय. उगाच कशाला?" दमदाटी नव्हती त्यात. माझी काळजी असल्यासारखे बोलत होते. जाळताना साहेब हजर नव्हते हे उघड झालं तर ते जातात, चिठ्ठी चुकीची होती असं ठरलं तर मी जातो. राहता राहिला धर्मा.

मी सही केली. चिठ्ठ्यांवर 'कायम' असं स्पष्ट लिहिलं होतं, असा माझा जबाब आहे.

त्यानंतर धर्माला आत घेतलं. दार उघडं होतं, मी व्हरांड्यात होतो. चिठ्ठीवर काय होतं, विचारलं. तो म्हणाला, राख. कोणी लिहिली होती, विचारलं. तो थांबला. मथू, त्याच्यासमोर लिहिल्या होत्या मी, खळ त्यानेच कालवून आणून दिली होती. तो म्हणाला, "ता मना नाय माहीत, सायेब. चिठ्ठी व्हती, मी वाचली." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

बाहेर आला तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, माझं नाव का नाही सांगितलंस? तो चपला पायात सरकवत होता. वर न बघता म्हणाला, "तुमी वयनीच्या माहेरचं मानूस. तिचं माहेर आदीच तुटलंय. मी आनखी कशाला तोरू?"

आमच्या मनाविरुद्ध तुझं लग्न झालं तेव्हा त्या घराला आम्ही काय काय म्हटलं होतं ते तुला आठवत असेल, मला तर शब्दन् शब्द आठवतो. त्याच घरातला माणूस तुझं माहेर राखायला स्वतःच्या पोटावर पाय देतोय. आणि मी जबाबावर झोकदार सही करून आलोय. मला लाज वाटते.

वर 'सौ.' लिहिलंय, पाहिलंस का? तुझ्या लग्नानंतर इकडून ते कोणीच कधी लिहिलं नाही. मागच्या पत्रातही माझा हात तिथे अडला होता.

जबाब बदलता येतो. पहिला चुकीचा होता असं लिहून दुसरा द्यायचा. मग बढती गेली, आणि नोकरीही गेली तर नवल नाही. आईचं औषध आहे, पोरांच्या शाळा आहेत, एकट्या वाडीवर आता घर चालत नाही. हे सगळं खरं आहे आणि हे सगळं निमित्त आहे, दोन्ही मला कळतं. तू काय म्हणशील तेही कळतं. तरी तुझ्या हाताने लिहून कळव.

तुझा,
दिवाकरदादा


निर्मळ
२४ एप्रिल १९८३

चि. सौ. मथुरा हिस,

आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही. बरोबरच आहे. स्वतःला कळत असलेलं दुसऱ्याकडून वदवून घ्यायची माझी जुनी खोड, तिला तू किती दिवस पुरी पडशील?

होळी झाल्यावर मी दुसरा जबाब लिहून दिला. सगळा आणि खरा. 'राख' लिहिलं होतं, मी लिहिलं होतं, धर्माने सांगितलं तसंच केलं, साहेब आणि मी दोघंही जागेवर नव्हतो. वाटलं, आता आभाळ कोसळणार.

काही कोसळलं नाही. साहेबांनी वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. म्हणाले, "उशीर केलात. धर्माचं नाव केव्हाच कमी झालंय. रोजंदारीवरच्याला काढायला काही लागत नाही. परत घ्यायला मात्र मंजुरी लागते आणि ती मागायची तर सगळं पुन्हा उकरावं लागेल. अहवाल गेला, वरून मान्य होऊन आला. मिटलं." मी म्हटलं, हा जबाब वर पाठवा. ते म्हणाले, "बघू." मग लाल पेन्सिलीने कागदाच्या कोपऱ्यात एक अक्षर काढलं आणि तो माझ्याच हातात दिला, लावून टाका म्हणून. अक्षर होतं ड.

तू ऑफिसातली नव्हेस म्हणून पुन्हा सांगतो. ड म्हणजे एक वर्ष. पुढच्या एप्रिलात तो कागद निंदणीत जाणार. माझा पहिला जबाब, खोटा, तो चौकशीच्या अहवालाबरोबर अ वर्गात आहे. आपली नातवंडं म्हातारी होतील तरी तो राहील, लाल रुमालात. हो, लाल रुमाल आले. तपासणीच्या आठवडाभर आधी आले.

आणि हे तुला बाहेरून कळायला नको म्हणून मीच लिहितो. तपासणीला आलेल्यांना आमची खोली फार आवडली. तालुक्यातल्या बाकीच्या कार्यालयांतही अशीच व्यवस्था बसवावी असा शेरा देऊन गेले. ती बसवायला मला नेमलं आहे, बढतीसकट. नाकारायची असं ठरवून मी आत गेलो होतो. सही करून बाहेर आलो. मला त्याचं काही समर्थन करायचं नाही.

गेल्या रविवारी धर्माला भेटायला तुमच्या गावी, जूचंद्रला आलो होतो. तुमच्या दारात यायची छाती झाली नाही. नाक्यावर विचारलं तर कळलं, तो मिठागरावर जातो. तसाच बांधाबांधाने गेलो. ऊन मी म्हणत होतं. तो मीठ ओढत होता, पाय खारटाने फुटलेले. मला बघितलं आणि हातातलं ठेवून आला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, दुसरा जबाब, ड, बढती, सगळं. मग म्हणाला, "ज्याचे नकाशे जलले तो बांध हाय ना जाग्यावर?"

मी म्हटलं, बांध आहे, पण उद्या फुटला तर सरकार म्हणेल हा आमचा कशावरून, आणि दाखवायला कागद नाही. तो म्हणाला, "मंग आमी बांधू. आदी कोनी बांधला व्हता?"

त्याने मडक्यातलं पाणी दिलं. "घ्या दादा. घरचं पानी हाय, गोरं हाय." मिठागरात गोडं पाणी, आणि वर दादा म्हणाला. मी त्याच्याकडे बघत राहिलो, तर त्याला हसू आलं. "आता सायेब कशाला म्हनू? हापीस गेलं." तो खरंच हसत होता गं.

परत येताना तुमच्या घरावरून आलो. दोरीवर लुगडं वाळत होतं, तुझं की बायजाचं कोण जाणे. थांबलो नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी वाडीत गेली. चिंधी बांधलेला दुधी वेलावर वाळून खडखडीत झाला होता, तो काढून आणला, फोडला, बिया परातीत पसरल्या. मग चुलीतली राख घेऊन त्यांना चोळली, पुडी बांधली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "तिला दे." नाव घेतलं नाही. तरी नऊ वर्षांत तुझ्याबद्दल ती एवढं पहिल्यांदाच बोलली. मला माहीत होतं तरी मी विचारलं, राख कशाला चोळलीस? ती म्हणाली, "मग बी राखायचं कसं?"

पुडी याच पाकिटात आहे. पाऊस सुरू झाला की लाव. तुमची जमीन खारट, दाराशी जिथे भांडी धुतेस तिथे लाव, लागेल.

आता शेवटचं. झालं ते जसंच्या तसं आता दोनच ठिकाणी लिहिलेलं आहे. एक त्या ड वर्गाच्या कागदावर, तो वर्षाने नसेल. त्याची निंदणी करायला कदाचित मीच असेन. दुसरं या पत्रांत. धर्माची मुलं मोठी होतील. कोणी तरी त्यांना म्हणेल की तुमच्या बापाला अक्षर लागत नव्हतं, त्याने सरकारचे कागद जाळले. तेव्हा त्यांच्या हातात देण्यासारखं काही असायला हवं, त्याच्या खाली माझी सही हवी.

म्हणून, मथू, ही पत्रं राख.

माझ्यावरचा राग निवला नसेल, तर हा शब्द तुझ्या सासरच्या अर्थाने घे. चूल जवळच आहे, मी काही म्हणणार नाही. पण या वेळी तो लिहिताना मला दोन्ही अर्थ माहीत होते, आणि तरीही तोच लिहिला आहे.

तुझा,
दादा